वाण की गुण?

डिसेंबर २०२२ संपता संपता दादरा नगर हवेलीत सिल्वासाजवळच्या सायली गावातून नऊ वर्षांचा एक मुलगा बेपत्ता झाला. पुढे त्याचा मृतदेह बऱ्याच अंतरावर, गुजरातेत वापीच्या बाजूला सापडला. जानेवारीत पोलिसांनी तिघांना पकडलं आणि सांगितलं, की पैसा मिळावा म्हणून दिलेला हा नरबळी होता. पकडलेल्या तिघांपैकी एक जण स्वतःच अल्पवयीन होता.

अशी बातमी आली की गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘रक्तातच असणार, खाण तशी माती.’ दुसरा म्हणतो, ‘संगत वाईट, दुसरं काय!’ मराठीने तर दोन्ही तटांना म्हणी पुरवून ठेवल्या आहेत. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असं सांगणारी हीच भाषा ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असंही सांगते. वाण म्हणजे रंग, तो जन्मासोबत येतो. गुण शेजारच्या दावणीवरून लागतो. क्रूर, थंड, कुणाच्याही दुःखाने न हलणारा माणूस घडतो तेव्हा त्यात वाण किती आणि गुण किती, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बराच खणला आहे. जे हाती लागलं ते दोन्ही तटांना थोडं थोडं अडचणीचं आहे.

त्याआधी एक गोष्ट मोकळी करायला हवी. प्रत्येक क्रूर गुन्ह्यामागे सायकोपॅथ नसतो. सायलीच्या प्रकरणात पोलिसांनी सांगितलेलं कारण लोभ आणि अंधश्रद्धा हे आहे. मनाच्या विकाराचा त्यात उल्लेख नाही. नरबळीने धन मिळतं हा समज जन्माला येताना कुणी सोबत आणत नाही. तो कुणीतरी कानात सांगावा लागतो. तेव्हा निदान या एका प्रकरणात ‘शिकलेलं’ किती हे शोधायला दूर जावं लागत नाही.

‘सायको’ हा शब्द आता शाळकरी पोरांच्याही तोंडी बसला आहे. वर्गात कुणी विचित्र वागला की तो सायको. पण या एका शब्दाच्या पोत्यात आपण अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. मुंबईतल्या रामन राघवचं नाव अशा चर्चेत हटकून निघतं. साठच्या दशकात त्याने उपनगरांतल्या फुटपाथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांचे डोक्यात प्रहार करून जीव घेतले. १९६८ च्या ऑगस्टमध्ये फौजदार अॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला पकडलं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासलं तेव्हा आढळलं, की त्याला जुना स्किझोफ्रेनिया आहे. तो भ्रमात जगत होता. सगळं जग आपल्याविरुद्ध कट करतंय असं त्याला खरोखरच वाटत होतं. १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची फाशी जन्मठेपेत बदलली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने वारला.

वास्तवाशी नातं तुटणं ही अशा मनोरुग्णाची अवस्था. सायकोपॅथचं तसं काही तुटलेलं नसतं. समोरच्याला दुखतंय हे त्याला नीट कळतं, फक्त त्याने त्याच्या आत काही हलत नाही. स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण कुणालाही इजा करत नाहीत, उलट त्यांनाच लोकांकडून त्रास होतो. दोघांना एकाच ‘सायको’ शब्दात बांधणं हा त्या आजारी माणसांवर आणि त्यांच्या घरच्यांवर मोठा अन्याय आहे.

सायकोपॅथचं पहिलं बारकाईचं चित्र अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ साली काढलं. त्यांना दवाखान्यात भेटणारी ही माणसं बोलायला गोड, हुशार, आत्मविश्वासाने भरलेली असत. मात्र खोटं बोलताना त्यांना अडखळायला होत नसे, लाज वाटत नसे, झाल्या चुकीतून ती काही शिकत नसत. पुढे कॅनडाचे रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगांतल्या कैद्यांवर काम करून वीस लक्षणांची तपासणी तयार केली. प्रत्येक लक्षणाला शून्य, एक किंवा दोन गुण. चाळीसपैकी साधारण तीस किंवा त्याहून जास्त गुण मिळालेला माणूस सायकोपॅथ धरतात. लांबलचक मुलाखत आणि जुनी कागदपत्रं दोन्ही पाहून प्रशिक्षित तज्ज्ञानेच हे गुण द्यायचे असतात. मोबाइलवर पाच मिनिटांत उरकायची ती परीक्षा नाही. सर्वसाधारण लोकांत असा शंभरात एखादा असतो असा अंदाज आहे, तुरुंगात हे प्रमाण कितीतरी जास्त.

‘सोशिओपॅथ’ हा त्याचाच धाकटा भाऊ. काही अभ्यासक असं म्हणतात, की जन्मजात थंडपणाचा तो सायकोपॅथ आणि मारझोडीच्या, आबाळीच्या बालपणातून कडवट, भडक होऊन निघालेला तो सोशिओपॅथ. वाटणी ऐकायला सोपी आहे, पण डॉक्टरांच्या निदानाच्या यादीत यातला एकही शब्द नाही. तिथे आहे तो समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार, आणि तोही अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुणाला लावायचा नाही असा नियम आहे. त्याचं कारण पुढे येईल.

महाराष्ट्रात वाण-गुणाचा हा प्रश्न सगळ्यात टोकदार होऊन उभा राहिला तो अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींच्या रूपात. मूळच्या नाशिककडच्या अंजनाबाईची थोरली मुलगी रेणुका. तिचा बाप ट्रकचालक होता, तो सोडून गेला. धाकटी सीमा, तिचा बाप मोहन गावित हा माजी सैनिक, त्यानेही दुसरा संसार मांडला. मायलेकींचं पोट चालायचं ते पाकीटमारीवर. जत्रा, देवळं, एसटी स्टँड, जिथे गर्दी तिथे त्या.

खटल्यात आलेली हकिकत अशी. १९९० साली पुण्यातल्या एका देवळाच्या गर्दीत रेणुका चोरी करताना पकडली गेली. कडेवर तिचं स्वतःचं लहान मूल होतं. तिने उलटा कांगावा केला, की लेकुरवाळी बाई कुठे चोरी करते का? लोकांना ते पटलं आणि त्यांनी तिला सोडून दिलं. गर्दीने दाखवलेल्या या दयेतून मायलेकींनी एक धडा घेतला, की कडेवर मूल असलं की बाई सुटते. मग कडेला दुसऱ्याचं मूल का नको?

पहिलं मूल कोल्हापुरातल्या एका भीक मागणाऱ्या बाईचं होतं. जेमतेम चालू लागलेलं. पुढे गर्दीत सीमा पकडली गेली तेव्हा लोकांचं लक्ष उडावं म्हणून अंजनाबाईने ते लेकरू जमिनीवर आपटलं. रक्त पाहून लोक मुलाकडे धावले आणि बायका निसटल्या. जखमी मूल रडायचं थांबेना. रडण्याने लोकांचं लक्ष वेधलं जाईल म्हणून त्याच दिवशी स्टँडच्या परिसरात त्याला संपवण्यात आलं. पुढची सहा वर्षं हेच चाललं: मूल उचलायचं, चोऱ्यांसाठी वापरायचं, जड झालं की टाकायचं किंवा मारायचं. सीमाच्या बापाच्या दुसऱ्या संसारातल्या मुलीलाही त्यांनी सोडलं नाही, आणि शेवटी त्या मुलीच्या आईच्या तक्रारीमुळेच १९९६ च्या नोव्हेंबरात त्या पोलिसांच्या हाती लागल्या. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई १९९७ मध्ये खटला उभा राहण्याआधीच कोठडीत मेली. मुलींना कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली. तेरा मुलांचं अपहरण आणि निदान पाच जणांचे खून यावर वरच्या न्यायालयांचंही शिक्कामोर्तब झालं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट २००६ मध्ये आला. दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये फेटाळला. पण त्या अर्जावर सरकारने लावलेल्या अक्षम्य विलंबामुळे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोघींची फाशी जन्मठेपेत बदलली.

आई तशा मुली! ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांना याहून बळकट पुरावा कुठला हवा?

अडचण अशी, की ‘संगतीचा परिणाम’ म्हणणाराही हाच पुरावा पुढे करू शकतो. अंजनाबाईने मुलींना रक्तही दिलं आणि धडेही दिले. खिसा कसा कापायचा, पकडलं गेल्यावर गळा कसा काढायचा, पळायचं कुठल्या वाटेने, हे तिनेच शिकवलं. एका घरात दोन पिढ्यांत सारखंच वागणं दिसलं, तर त्यातून वाण आणि गुण वेगळे काढता येत नाहीत. दूध आणि पाणी एकाच भांड्यात ओतल्यावर कुणाचं किती हे नजरेने सांगता येत नाही, तसंच. शिवाय न्यायालयाचा निकाल हा गुन्ह्याचा निकाल असतो, डॉक्टरचं निदान नसतं. वर्तमानपत्र वाचून कुणाला सायकोपॅथ ठरवणं हे लेखकाने करू नये आणि वाचकानेही.

दूध-पाणी वेगळं करायची एक वाट आहे. जन्म एका घरात आणि वाढ दुसऱ्या घरात, म्हणजेच दत्तक गेलेली मुलं. डेन्मार्कमध्ये अशा नोंदी फार नीट ठेवलेल्या असतात. सारनॉफ मेडनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १४,४२७ दत्तक मुलांच्या नोंदी आणि न्यायालयांची दप्तरं ताडून पाहिली आणि १९८४ साली निष्कर्ष मांडले. जन्मदाते आणि पालनकर्ते दोघंही निष्कलंक असतील, तर दत्तक मुलग्यांपैकी साडेतेरा टक्क्यांना पुढे कधीतरी शिक्षा झाली होती. फक्त सांभाळणाऱ्या आईबापांपैकी कुणी गुन्हेगार असेल तर १४.७ टक्के, म्हणजे जवळपास तेवढंच. फक्त जन्मदात्यांपैकी कुणी गुन्हेगार असेल तर २० टक्के. आणि दोन्हीकडे असेल तर २४.५ टक्के.

हे आकडे जरा थांबून वाचण्यासारखे आहेत. जन्मदात्यांचा परिणाम दिसतो, तो नाकारता येत नाही. ती मुलं जन्मदात्यांच्या घरात वाढली नव्हती, तरी तो दिसतो. पण जन्मही तसल्या घरात आणि वाढही तसल्याच घरात झालेल्या मुलग्यांपैकीसुद्धा चारांत तीन जणांना कधी शिक्षा झाली नाही. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्याने या तिघांचं काय करायचं ते सांगावं. आणखी एक गोष्ट याच अभ्यासात दिसली. जन्मदात्यांशी जोडलेला हा धागा चोरी, लुबाडणूक अशा मालमत्तेच्या गुन्ह्यांत होता. मारहाण-खून अशा हिंसक गुन्ह्यांत तो सापडला नाही. लोकांची अटकळ बहुधा नेमकी उलटी असते.

पण गुन्हा ही एक गोष्ट आणि आतला थंडपणा ही दुसरी. पोट भरायला चोरी करणारा रडत्या लेकराला पाहून कळवळतोही. सायकोपथीचा गाभा आहे तो हा कळवळा नसणं. तो मोजायला लंडनच्या एसी व्हायडिंग यांनी जुळ्या भावंडांकडे मोर्चा वळवला. एकसारखी जुळी मुलं, म्हणजे एकाच बीजातून फुटलेली, आणि वेगवेगळ्या बीजांची जुळी, यांच्यातलं साम्य ताडून पाहायचं. इंग्लंडमधल्या सात वर्षांच्या हजारो जुळ्यांबद्दल शिक्षकांना विचारलं गेलं: चूक केल्यावर याला वाईट वाटतं का? दुसऱ्याला लागलं तर हा विचारपूस करतो का? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं आढळलं, की निगरगट्टपणात फार पुढे असलेली मुलं आणि बाकीची मुलं यांच्यात जो फरक होता त्यातला ६७ टक्के फरक आनुवंशिकतेने समजावता येतो. त्रासदायक वागणाऱ्या मुलांचे दोन गट केल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं. जी मुलं निगरगट्टही होती त्यांच्या त्रासदायक वागण्यात आनुवंशिक वाटा ८१ टक्के निघाला; जी त्रासदायक होती पण मनाने कोवळी होती त्यांच्यात तो फक्त ३० टक्के. म्हणजे शाळेत सारखीच मारामारी करणाऱ्या दोन पोरांच्या मारामारीचं मूळ वेगळं असू शकतं. एकाचं घरात, एकाचं बरंचसं स्वभावात.

इथे ६७ टक्क्यांचा अर्थ मात्र नीट लावायला हवा, कारण तो चुकीचा लावून पुष्कळ नुकसान झालं आहे. एखाद्या मुलाचा थंडपणा ६७ टक्के रक्तातून आणि उरलेला घरातून आला, असा तो अर्थ नाही. खानवेलकडच्या आदिवासी शेतकऱ्याला हे चटकन कळेल. एकाच वाफ्यात, सारखंच खत-पाणी देऊन नागलीची दोन वेगळी वाणं पेरली, तर रोपांतला फरक बियाण्याचा. पण तेच बियाणं अर्धं खडकाळ उतारावर आणि अर्धं भरल्या मातीत पेरलं, तर फरक जमिनीचा. आकडा बियाण्याचा किंवा रोपाचा नसतो, त्या वेळच्या त्या शेताचा असतो. इंग्लंडमधल्या बऱ्यापैकी सारख्या परिस्थितीतल्या मुलांवरून काढलेला आकडा सिल्वासातल्या एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या कामगाराच्या मुलाला जसाच्या तसा लागू होत नाही.

मग घर काही करू शकतं का? याचं उत्तर देणारा एक सुंदर अभ्यास २०१६ साली अमेरिकेत ल्यूक हाइड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. जन्मल्यावर लगेच दत्तक गेलेली मुलं असलेली ५६१ कुटुंबं त्यांनी अभ्यासली. ज्या मुलांच्या जन्मदात्या आईची वागणूक समाजविघातक होती, त्यांच्यात सव्वादोन वर्षांच्या वयातच निगरगट्टपणाची चिन्हं अधिक दिसत होती. ती आई त्यांनी पाहिलेलीही नव्हती. पण सांभाळणारी आई जिथे मुलाच्या बारीकसारीक चांगल्या वागण्याला दाद देत होती, कौतुक करत होती, प्रेमाने बोलत होती, तिथे जन्मदात्या आईकडून आलेला तो वारसा पुसट होऊन गेला. तिने कुठलाही उपचार केला नव्हता. दीड वर्षाच्या पोराशी एखादी चांगली आई जशी वागते, तशी ती वागत होती.

याची उलटी बाजू रुमानियाने पाहिली. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत तिथले अनाथाश्रम हजारो मुलांनी भरले होते. पोटाला मिळत होतं, पण उचलून घ्यायला, नावाने हाक मारायला माणूस नव्हतं. २००० च्या सुमारास बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर एक अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून निम्मी मुलं पालक-कुटुंबांत ठेवली, निम्मी आश्रमातच राहिली. बाराव्या वर्षी तपासलं तेव्हा आश्रमात वाढलेल्यांत निगरगट्टपणा अधिक होता, आणि कुटुंबात गेलेल्या मुलग्यांत तो कमी होता.

‘गरिबी आणि मारझोड यांतूनच क्रौर्य येतं’ असं ठामपणे सांगणाऱ्यांनाही पुण्याने एक कडवट धडा दिला आहे. १९७६ साली टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकणारी ही पोरं होती: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. कमर्शियल आर्ट शिकणारी, हातात ब्रश आणि डोळ्यांपुढे नोकरी-धंद्याचा रस्ता असलेली. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्यांनी दहा माणसं मारली. पहिला बळी त्यांच्याच ओळखीचा प्रकाश हेगडे. ऑक्टोबरअखेर विजयनगर कॉलनीतलं जोशी कुटुंब. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्यात संस्कृत व्याकरणाचे गाढे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांची पत्नी, दोन नातवंडं आणि घरकामाच्या बाई. पुणेकर दिवेलागणीनंतर दाराला कडी घालून बसत. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या बोलण्यात ती भीती अजून येते. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली.

या चौघांच्या आईबापांनी त्यांना गळा आवळायला शिकवलं नव्हतं. मग वाण म्हणावं, तर एकाच कॉलेजात, एकाच कंपूत चार-पाच सायकोपॅथ जमावेत हा योगायोग पटण्यासारखा नाही. जक्कल म्होरक्या होता हे खटल्यात स्पष्ट झालं. बाकीचे त्याच्या मागे गेले. पहिल्या खुनात हात माखल्यावर परत फिरायची वाट त्यांनीच बंद करून घेतली. मुनव्वर शाहने तुरुंगात आत्मकथन लिहिलं, आपला अपराध कबूल केला, पश्चात्ताप मांडला. क्लेक्लींच्या वर्णनातला सायकोपॅथ असं करत नाही. तेव्हा या चौघांना एकाच पट्टीने मोजता येणार नाही. ढवळ्याच्या शेजारी पवळे बांधले गेले, इतकं मात्र दिसतं.

गुन्हा रक्तात असतो या कल्पनेला आपल्याकडे एकदा कायद्याचंच रूप मिळालं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा विचार सरळ होता: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, मग गुन्हेगाराचा मुलगाही जन्माने गुन्हेगारच असणार. मुंबई इलाख्यातल्या पारधी, भामटा, कैकाडी अशा कितीतरी जमाती पुढे त्यात आल्या. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाच्या आतली वस्ती. सोलापुरात तिला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. त्या कुंपणात जन्मलेलं मूल डोळे उघडायच्या आधी सरकारदफ्तरी गुन्हेगार होत होतं. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी.

यातल्याच एका जमातीत, लातूरकडच्या उचल्यांच्या घरात, लक्ष्मण गायकवाड जन्मले. खिसे कापण्याचं शिक्षण त्या वस्तीत पोराला लहानपणीच मिळे; पकडलं गेल्यावर मार खाऊनही तोंड उघडू नये म्हणून मार सोसायचीही सवय केली जाई. पण त्यांच्या वडिलांनी पोराला शाळेत घातलं. १९८७ मध्ये त्यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अंजनाबाईच्या मुली आणि ही उचल्यांची पोरं, हातातलं कसब एकच. पाकीटमारी शिकवली म्हणून कुणी लेकरू आपटत नाही. त्या वस्तीतला माणूस शाळा मिळाली तर लेखक होतो, कामगारांचा पुढारी होतो. पिढ्यान्पिढ्यांचं ‘रक्त’ म्हणून सरकारने ज्याला शिक्का मारला ती गरिबी आणि नाइलाज होता. आजही गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालांवर पडते, ही शरमेची गोष्ट आहे.

म्हणूनच एखाद्या जनुकाचं नाव घेऊन ‘हा गुन्हेगारीचा जीन’ असं कुणी सांगू लागलं, की सावध व्हावं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा होत आला आहे. त्यांच्यावरून २००२ मध्ये अॅव्शालोम कॅस्पी आणि टेरी मॉफिट यांनी दाखवलं, की एमएओए या जनुकाचा मंद प्रकार असलेली आणि लहानपणी छळ सोसलेली मुलं पुढे अधिक हिंसक होतात. पण तोच मंद प्रकार असून ज्यांचं बालपण धड गेलं, त्यांच्यात तसं काही दिसलं नाही. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम काही ठिकाणी दिसला, काही ठिकाणी पुसट निघाला. कॅलिफोर्नियातले मेंदूशास्त्रज्ञ जेम्स फॅलन यांची गोष्ट तर स्वतःवरच बेतलेली. मारेकऱ्यांच्या मेंदूची चित्रं पाहता पाहता घरच्यांच्या चित्रांच्या गठ्ठ्यात त्यांना एक चित्र अगदी सायकोपॅथसारखं दिसलं. नाव उघडून पाहिलं तर ते त्यांचं स्वतःचंच. पूर्वजांत खुनी होते असंही निघालं. फॅलन यांनी कधी कुणाचा जीव घेतला नव्हता. ते घरदार असलेले प्राध्यापक होते, आणि आपण बचावलो ते प्रेमळ घरामुळे असं त्यांनी स्वतःच लिहिलं.

सिल्वासाला सगळ्यात जवळची वाटावी अशी गोष्ट मात्र मॉरिशसमधली आहे, जिथे मराठी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. तिथे १९७० च्या दशकात तीन वर्षांच्या काही मुलांना दोन वर्षं खास बालवाडीत ठेवलं: पोटभर पौष्टिक जेवण, रोज मोकळ्या हवेत खेळ, आणि शिकवायला प्रशिक्षित बाई. वीस वर्षांनी एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी ती मुलं पुन्हा गाठली. इतर मुलांच्या तुलनेत त्यांच्यात समाजविघातक वागणं आणि गुन्हे कमी होते, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला होता तो तिसऱ्या वर्षी कुपोषित असलेल्या मुलांना. जेवण, खेळ, बाई. दादरा नगर हवेलीच्या पाड्यांवर अंगणवाडी आहे, तिचं काम हेच. तिथली खिचडी वेळेवर शिजते का, बाई येते का, हा गुन्हेगारी रोखण्याचाही प्रश्न आहे, आणि गावाने तो त्याच गांभीर्याने विचारायला हवा.

कायद्यालाही मुलाच्या घडणीचं भान आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार सोळा ते अठरा वयातल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवण्याआधी बाल न्याय मंडळाला त्याच्या मनाची आणि समजेची तपासणी करावी लागते. मघाशी सांगितलेला अठरा वर्षांचा नियमही त्याच समजुतीतून आला आहे. दहा वर्षांचा पोर बेफिकीर दिसला तरी तो अजून घडतो आहे. अशा लक्षणांची बरीच मुलं मोठेपणी तशी राहत नाहीत.

तेव्हा हा मजकूर वाचणाऱ्या आईबापांना, मास्तरांना आणि आश्रमशाळेच्या अधीक्षकांना एवढंच सांगणं आहे. एखादं मूल वारंवार मुक्या जनावरांना छळत असेल, लहान भावंडाला लागेल असं मारून वर हसत असेल, पकडलं गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नसेल, आणि हे महिनोन्महिने चाललं असेल, तर ‘मोठं झालं की सुधारेल’ म्हणून सोडून देऊ नका आणि ‘बापावर गेलाय’ म्हणून शिक्काही मारू नका. बडवून तर काहीच साधणार नाही. शिक्षेची धास्तीच कमी असणाऱ्या अशा मुलांवर माराचा असर होत नाही, पण चांगल्या वागण्याला लगेच दिलेली दाद त्यांनाही पोचते, हे या मुलांवर काम करणाऱ्यांनी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सिल्वासात आता सिव्हिल हॉस्पिटलच्या जोडीला मेडिकल कॉलेजही आहे. जाणं जमत नसेल तर १४४१६ या टेली मानसच्या नंबरावर फोन करा. तो सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही चालतो, आणि मराठीत बोलता येतं.